हात कुणाचा?

प्रत्येक घराण्यात एक तरी माणूस असा असतो, ज्याला जगात आपोआप घडलेली गोष्ट पटतच नाही. पाऊस लांबला, कांदा कडाडला, शेजारच्या देशात सरकार गडगडलं, बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, सगळ्यामागे कुणीतरी बसलेलं असतं. आमच्याकडे हे खातं तात्यांकडे आहे. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. मुक्काम कोथरूड, दुसरा मजला, रस्त्याकडची बाजू.

"हात आहे," हे त्यांचं पालुपद. कुणाचा, ते लगेच सांगत नाहीत. आधी कप बशीत ठेवतात. मग दाराकडे एक नजर टाकतात. मग उठून मिक्सरचं बटण दाबतात, कारण भिंतीलाही कान असतात. आणि त्या घरघराटात 'सीआयए' असं काहीतरी म्हणतात, जे समोर बसलेल्यालाही ऐकू येत नाही. आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, रिकामा फिरवू नका, जळेल तो!"

सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात काढली. त्यामुळे वाद घालायला गेलं की "मी एक्स्चेंजला होतो, मला नको सांगू," हे ब्रह्मास्त्र बाहेर येतं आणि आपलं बोलणं तिथेच खुंटतं. एक्स्चेंजला त्यांनी नेमकं काय ऐकलं, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काकूंच्या मते राँग नंबर.

मोबाइल ते वापरतात, पण महत्त्वाचं बोलायचं असेल तर आधी तो तांदळाच्या डब्यात ठेवतात. अशाच एका महत्त्वाच्या बोलण्यानंतर काकूंनी तांदळासोबत तो कुकरच्या भांड्यात ओतला होता. वेळीच वाजला म्हणून वाचला. वर्तमानपत्र वाचताना हातात लाल बॉलपेन असतं. ज्या बातमीत काहीच संशयास्पद नसतं तिच्याभोवती दोनदा गोल. कात्रणांचा गठ्ठा विम्याच्या जुन्या फायलीत, आणि फायलीवर मुद्दाम 'लाइट बिले' असं लिहिलेलं. पंचाईत अशी की खरी लाइट बिलंही त्याच फायलीत सापडतात.

अशा माणसाला हसून सोडून द्यावं, तर तेही जमत नाही, कारण अधूनमधून तो बरोबर निघतो. तात्या तुम्हाला गाठून विचारतात, "नंदादेवी ठाऊक आहे?" आपण म्हणतो, शिखर. "शिखर! १९६४ साली चीननं अणुबाँब फोडला. त्याच्यावर पाळत ठेवायला म्हणून १९६५ साली अमेरिकेची आणि आपली माणसं मिळून प्लुटोनियमवर चालणारं यंत्र घेऊन वर चढली. हवा बिघडली, यंत्र तिथेच ठेवून खाली आली. पुढच्या हंगामात जाऊन बघतात तर यंत्र गायब! आजतागायत सापडलेलं नाही." हे ऐकून वाटतं, हा मिक्सरच बोलतोय. पण गोष्ट खरी आहे. १९७८ साली पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत स्वतः याची कबुली दिली होती. नंदादेवीचं पाणी ऋषिगंगेतून अलकनंदेत आणि तिथून गंगेत येतं. त्यामुळे काकूंनी काशीयात्रेहून आणलेला गंगाजलाचा गडू तात्यांनी देवघरातून उचलून गॅलरीत, तुळशीच्याही पलीकडे ठेवलाय. काकू रोज सकाळी तो परत आणतात. रात्री तो पुन्हा बाहेर जातो. या घरातलं शीतयुद्ध संपलेलं नाही.

इराणचंही तसंच. १९५३ साली तिथले पंतप्रधान मोसाद्देक यांना खाली खेचणारा माणूस म्हणजे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नातू कर्मिट, हे तात्या अशा सुरात सांगतात की कर्मिट आणि ते एकाच चाळीत वाढले असावेत. ते प्रकरण अमेरिकी दप्तरातूनच बाहेर आलं तेव्हा तात्यांनी पेढे आणले होते. "साठ वर्षं लागली त्यांना. मी आधीच सांगत होतो."

खरं आणि खोटं यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, तिथे तात्यांचं खरं घर आहे. गाजर गवत घ्या. पुण्यात ते १९५५-५६च्या सुमारास नजरेस आलं, आणि अमेरिकेहून आलेल्या पीएल-४८०च्या गव्हातून ते आलं असं मानणारे पुष्कळ लोक आहेत. इथवर ठीक. पण सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ते दरवर्षी उगवतं, तेव्हा तात्या कठड्याला टेकून म्हणतात, "कसं पेरलंय बघ." बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रानं अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली. तिच्या भाकरीनं आपल्या पिढीचा कणाच वाकवला, असं त्यांचं मत आहे. त्यांचा स्वतःचा कणा ताठ आहे. वाकतो तो फक्त दाराच्या पीपहोलशी.

सत्तरच्या दशकात 'परकीय हात' हा शब्द इंदिराबाईंच्या भाषणांमुळे घराघरात पोचला होता. तेव्हा स्वतंत्र पक्षाचे पिलू मोदी 'मी सीआयएचा हस्तक आहे' अशी पाटी छातीवर लावून संसदेत आले, आणि सगळा देश हसला. तात्या हसले नाहीत. त्यांनी त्यातून एक सिद्धान्त काढला: खरा हस्तक कधी पाटी लावत नाही, तेव्हा ज्याच्या छातीवर पाटी नाही, त्याच्यावर नजर ठेवा. या हिशेबानं सोसायटीतले सगळेच आले.

एवढी श्रद्धा बाळगणाऱ्या माणसाला 'चार्ली विल्सन्स वॉर' दाखवू नये, हे मला कळायला हवं होतं, असं काकू म्हणतात. मला तसं वाटत नाही. माइक निकोल्सचा हा शेवटचा चित्रपट, २००७चा. पटकथा आरन सॉर्किनची, मूळ पुस्तक जॉर्ज क्राइल या पत्रकाराचं. विषय असा, की रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर सीआयएनं पाकिस्तानमार्फत मुजाहिदीनांना शस्त्रं कशी पुरवली. म्हणजे तात्यांच्या दृष्टीनं साक्षात ग्रंथराज. ते स्वच्छ सदरा घालून, लाल पेन आणि वही घेऊन टीव्हीसमोर बसले. खाली ढोल-ताशांचा सराव चालू होता, म्हणून आवाज पूर्ण वाढवला. त्या सरावाकडे मी नंतर येतोच.

तात्यांची अपेक्षा काय होती? अंधाऱ्या खोलीत नकाशे असतील, काळे चष्मे असतील, वीस वर्षांपूर्वी ठरवलेल्या गोष्टी आज तंतोतंत घडत असतील. पडद्यावर काय दिसलं? टेक्ससचा एक रंगेल खासदार लास वेगासला गरम पाण्याच्या टबात, भोवती बायका, हातात ग्लास, आणि त्याचं लक्ष टीव्हीवरच्या अफगाणिस्तानच्या बातमीकडे गेलंय. हाच चार्ली विल्सन. अमेरिकी काँग्रेसमधल्या ज्या समितीत गुप्त खर्चाचे आकडे मंजूर होतात, तिथला सभासद. अफगाणांसाठी किती ठेवलेत? पन्नास लाख डॉलर. दुप्पट करा. झालं एक कोटी.

तात्यांनी वहीत काही लिहिलं नाही. "असं नसतं," ते म्हणाले. "फाइल कुठेय? टिपणी कुठेय? टेलिफोन खात्यात पंखा बदलायला तीन सह्या लागायच्या."

मग ह्यूस्टनची एक श्रीमंत बाई आली, ज्युलिया रॉबर्ट्स, जिच्या मनानं घेतलंय की कम्युनिस्टांना हरवायचं. मग सीआयएचा माणूस आला, गस्ट अव्राकोटोस, म्हणजे फिलिप सीमोर हॉफमन. जाडा, मिशाळ, तोंडाळ, साहेबाच्या केबिनची काच फोडणारा. काच दुरुस्त करायला माणूस येतो, तर हा पुन्हा फोडतो. खासदाराला भेट म्हणून दिलेल्या व्हिस्कीच्या बाटलीत यानं ऐकायचं यंत्र बसवलेलं. इथे मात्र तात्या सावरून बसले आणि कपाटावरच्या, कुणीतरी लग्नात दिलेल्या गुलाबजलाच्या बाटलीकडे बघत राहिले. पण पुढे कैरोत इजिप्तच्या संरक्षणमंत्र्यासमोर टेक्ससहून आणलेली बेली डान्सर नाचायला लागली, इस्रायल आणि इजिप्त एकाच सौद्यात बसले, आणि तात्यांनी रिमोट उचलून चित्रपट थांबवला.

"हे कुणी काढलंय?"

मी सांगितलं, हॉलिवूडनं.

"हॉलिवूडच्या मागे कोण आहे?"

उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. हा चित्रपट सीआयएनंच काढलाय. उद्देश असा, की आपण किती वेंधळे आहोत हे लोकांना पटावं. "एवढं मोठं राज्य उलथवणारी माणसं अशी असतात? डाव आहे हा. आपल्याला गाफील ठेवायचा." त्या क्षणी मला त्यांची कीव आली आणि कौतुकही वाटलं. आपला शत्रू सर्वज्ञ आहे, या विश्वासावर माणूस किती निश्चिंत जगू शकतो! मी मुद्दाम त्यांना क्यूबाची आठवण करून दिली. कॅस्ट्रोला मारायला स्फोटक सिगार, आणि त्याची दाढी गळून पडावी म्हणून बुटात घालायची पावडर, असले बेत याच संस्थेनं आखले होते. १९७५ साली सिनेटच्या समितीनं ते चव्हाट्यावर आणले. साठच्या दशकात त्यांनी एका मांजराच्या अंगात मायक्रोफोन बसवायचा प्रयोगही केला होता. दाढीचं तात्यांनी मनावर घेतलं नाही. मांजराचं घेतलं. तेव्हापासून जिन्यातल्या बोक्यासमोर ते फक्त हवामानाबद्दल बोलतात.

चित्रपटातली एकच गोष्ट त्यांना विनातक्रार पटली. तेरा वर्षांच्या चार्लीच्या कुत्र्याला शेजारच्या नगरसेवकानं काच कुटून घालून मारलं. निवडणुकीच्या दिवशी या पोरानं गाडी काढली, गरीब कृष्णवर्णीय मतदारांना घरून उचललं, केंद्रावर सोडलं, आणि उतरताना प्रत्येकाला एवढंच सांगितलं, की मला तुमच्या मतात ढवळाढवळ करायची नाही, पण या माणसानं माझं कुत्रं मारलंय. नगरसेवक थोड्या मतांनी पडला. "हे शक्य आहे," तात्या म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. खालचा ढोल जरा जास्तच जोरात वाजला.

तर तो ढोल. तात्यांच्या सोसायटीत वर्षानुवर्षं एकच सेक्रेटरी होते. सज्जन, शिस्तीचे, आणि म्हणून सगळ्यांना नकोसे. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा आखताना त्यांनी जिन्याखालची तात्यांची चेतक स्कूटर तिथून हलवली. स्कूटर चालू होत नव्हती, हा भाग वेगळा. तात्या उघड काही बोलले नाहीत. उघड बोलणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही. त्यांनी तळमजल्यावरचा पोरगा हेरला. अंगात रग, हाताशी दहा-बारा मित्र, ढोल वाजवणाऱ्या गणेश मंडळाचा अध्यक्ष आणि सेक्रेटरींवर कायमचा चिडलेला. तात्यांनी त्याला वर्गणीच्या नावाखाली पैसे पुरवले. दोन मोठे स्पीकर आले ते त्याच पैशातून. सेक्रेटरींच्या हिशेबातल्या चुकांची पत्रकं कोथरूडात न काढता हडपसरला जाऊन काढली. मधला दुवा वॉचमन. परवलीचा प्रश्न, "दूध आलं का?" याचं उत्तर एकदा वॉचमननं खरंच दुधाबद्दल दिलं आणि मोहीम दोन दिवस लांबली.

वार्षिक सभेच्या दिवशी तात्यांनी कधी खाली न उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना एकेक करून हाताला धरून आणलं. प्रत्येकाच्या कानात म्हणाले, "मत तुमचं तुम्ही द्या. फक्त माझी स्कूटर हलवलीय, हे लक्षात असू द्या." सेक्रेटरी पडले. पोरगा आला.

विजयाच्या दुसऱ्या दिवशी तो पोरगा हिशेबाच्या वह्या घेऊन वर आला. मी तेव्हा तिथे होतो. "तात्या, हे जमाखर्च कसे लिहायचे, उपनिबंधकांना काय पाठवायचं, मला काही कळत नाही. रविवारी बसाल का तासभर?" तात्या आरामखुर्चीत, डोळे मिटून. युद्ध संपलं होतं. जमाखर्चात कुणाचाच हात नसतो, आणि म्हणून त्यात काही रसही नसतो. "बघा आता तुमचं तुम्ही," ते म्हणाले. पोरगा थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

पुढच्या गणपतीत मांडव पार्किंगमध्ये पडला. पांढऱ्या रेषांवरच. चेतक फाटकाबाहेर, गटाराच्या कडेला गेली. आणि ते दोन स्पीकर, तात्यांच्याच पैशाचे, त्यांच्याच खिडकीकडे तोंड करून बसले, कारण वायर तिथवरच पुरत होती. पोराच्या मनात काही कपट नव्हतं, हे मी खात्रीनं सांगतो. तात्यांना ते पटत नाही. "कुणीतरी फूस लावलीय त्याला," ते म्हणतात. कुणी, ते सांगायला मिक्सर लागतो. स्पीकर आठनंतर बंद ठेवावेत म्हणून त्यांनी वॉचमनमार्फत पैसेही पाठवून पाहिले. पोरानं घेतले आणि एम्प्लिफायर आणला.

म्हणून चित्रपटाच्या शेवटी जे झालं त्याला मी काहीसा घाबरलोच होतो. रशियन फौजा परत जातात. १५ फेब्रुवारी १९८९, शेवटचा सेनापती पूल ओलांडून पलीकडे. विल्सनला सन्मान मिळतो. तो समितीकडे अफगाणिस्तानात शाळांसाठी दहा लाख डॉलर मागतो. शस्त्रांना कोट्यवधी देणाऱ्या त्याच समितीला आता हे दहा लाख जड होतात. कुणाला उत्साहच उरलेला नाही. गस्ट त्याला एका झेन गुरूची गोष्ट सांगतो. गावकरी प्रत्येक वेळी म्हणतात, वा, छान झालं, अरेरे, वाईट झालं. आणि गुरू दर वेळी एवढंच म्हणतो की बघू. चित्रपट एवढ्यावरच आवरतं घेतो. मला विचाराल तर जरा लवकरच आवरतं घेतो. रशियाधार्जिणं नजीबुल्लांचं सरकार १९९२मध्ये पडलं, मग एकेकाळी एकाच खजिन्यातून शस्त्रं घेतलेल्या टोळ्यांनी काबूलवर आपापसात तोफा डागल्या, १९९६मध्ये तालिबान आलं, यातलं काही पडद्यावर येत नाही. हेलिकॉप्टरं पाडायला दिलेली स्टिंगर क्षेपणास्त्रं पुढे सीआयएनं जादा पैसे मोजून परत विकत घेतली, तेही नाही.

हे स्टिंगरचं मी सांगितलं तेव्हा काकूंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या. तात्यांनी विचारलं, "हसायला काय झालं?" ते मात्र कुणीच सांगितलं नाही.

चित्रपटात तात्या सगळ्यात रंगले ते ओम पुरी दिसल्यावर. पाकिस्तानचे जनरल झिया-उल-हक म्हणून. विल्सन त्याच्या महालात जाऊन व्हिस्की मागतो आणि तोंडावर पडतो. "अरे, हा तर आपला घाशीराम!" तात्या ओरडले. खरंच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या नटानं १९७६च्या 'घाशीराम कोतवाल' चित्रपटात घाशीराम रंगवला होता. नाना फडणवीसानं आपल्या सोयीसाठी मोठा केलेला आणि मग आवरेनासा झालेला कोतवाल. तेंडुलकरांचं मूळ नाटक १९७२ साली आलं, तेव्हा तात्यांनी भरत नाट्य मंदिराच्या बाहेर उभं राहून त्याचा निषेध केला होता आणि मग पुढच्या आठवड्यात मफलर गुंडाळून, तिकीट काढून, ते पाहिलंही होतं. "त्या नाटकामागेही हात होता," ते आजही सांगतात. झिया १९८८ साली बहावलपूरजवळ विमान कोसळून गेले आणि त्या विमानात भेट आलेल्या आंब्यांच्या पेट्या होत्या, हे तर त्यांचं अत्यंत आवडतं कात्रण. देवगडहून पेटी आली की ते आधी तिला कान लावतात. मग काकूंना उघडायला सांगतात आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहतात.

सध्या तात्यांची नवी मोहीम सुरू आहे. या पोराला खाली खेचायचं आहे, आणि त्यासाठी त्यांनी हात मिळवलाय तो थेट जुन्या सेक्रेटरींशी. दोघं संध्याकाळी म्हातोबाच्या देवळामागे भेटतात, एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि मधल्या बाकावर पाकीट ठेवतात. परवा मी गेलो तेव्हा तात्या चप्पल घालून दाराशी उभे होते. हातात 'लाइट बिले'ची फाइल. आत मिक्सर चालू.

"पाचशे रुपये दे गं," त्यांनी काकूंना आवाज दिला. "लाइट बिल भरायचंय."

काकू पीठ लागलेले हात पुसत बाहेर आल्या. पर्समधून नोट काढली, ती तात्यांच्या खिशात घातली आणि म्हणाल्या, "सेक्रेटरींना म्हणावं, त्यांच्या बायकोनं निरोप दिलाय. मागच्या खेपेला पत्रकाला फार खर्च झाला. या वेळी झेरॉक्स पाठपोट काढा. आणि हडपसरला कशाला जाताय? खाली त्या पोराच्या मामाचं दुकान आहे, तो पन्नास पैशांनी काढून देतो."